नकाशावरचे साल आणि कागदाचे साल

आपल्या पॅरिसमधील चुलतभावाने तेथील एका जुन्या छापील चित्रांच्या दुकानातून आणलेला, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यांचा, गियोम दलील या नकाशाकाराचे नाव आणि १७२३ हे साल असलेला रंगीत नकाशा आता आपल्या रत्नागिरीच्या घरी आहे. तो खरा आहे का, तो १७२३ मध्येच छापला गेला असे समजावे का, त्यावरचे रंग मूळचे आहेत का, कोकणातल्या पावसात तो टिकवायचा कसा, आणि याच वाटेने पुढे जायचे झाले तर कोणत्या फ्रेंच नकाशाकारांकडे पाहावे, असे आपले प्रश्न आहेत. जुन्या कागदांची दुरुस्ती आणि नकाशांचा संग्रह या दोन्ही कामांत तीस वर्षांहून अधिक काळ घालवल्यामुळे मी आपल्या प्रश्नांचा क्रम थोडा बदलून घेतो, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले की बाकीची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात.

ताम्रपत्र्यावर कोरून छापलेल्या नकाशाला दोन वये असतात, एक पत्र्याचे आणि दुसरे कागदाचे. कोरक्या तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर अणकुचीदार हत्याराने सगळा नकाशा उलटा कोरतो. मग त्या चरांत शाई भरून वरचा पत्रा स्वच्छ पुसला जातो आणि ओलसर केलेला कागद त्यावर ठेवून दोन रुळांच्या यंत्रातून दाबून काढला जातो. असा एक पत्रा चांगल्या स्थितीत दोन-तीन हजार छाप सहज देतो, आणि झिजलेल्या रेषा पुन्हा खोल केल्या तर त्याहूनही अधिक. तांबे महाग, कोरणावळ त्याहून महाग, त्यामुळे पत्रा ही घराण्याची मिळकत असे. ती मुलाकडे, जावयाकडे, विधवेकडे किंवा लिलावात दुसऱ्या प्रकाशकाकडे जाई. नवा मालक बहुधा जुने साल तसेच ठेवी, पत्ता बदली आणि जमल्यास आपले नाव घाली. म्हणून नकाशावर कोरलेले १७२३ हे साल पत्रा केव्हा तयार झाला एवढेच सांगते. आपल्या हातातला कागद त्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी त्याच पत्र्यावरून निघालेला असू शकतो, आणि तसा असला तरी तो खोटा ठरत नाही, फक्त उशिराचा ठरतो.

दलीलच्या बाबतीत हे फार स्पष्टपणे दिसते. १७०० मध्ये त्याने जगाचा आणि खंडांचा नकाशासंच प्रसिद्ध केला, तेव्हा तो पॅरिसमध्ये सँ-सुल्पीस चर्चजवळच्या र्यू दे कानेत या गल्लीत राहत होता आणि त्या काळच्या छापांवर हाच पत्ता असतो. पुढे त्याने सीनच्या काठी के द लॉर्लोज येथे दुकान थाटले. त्यानंतरच्या छापांवर हा घाटाचा पत्ता येतो आणि काहींवर ‘सोनेरी गरुड’ ही दुकानाची खूणही असते. १७०२ मध्ये त्याला विज्ञान अकादमीत प्रवेश मिळाला आणि १७१८ मध्ये राजाचा प्रथम भूगोलकार ही पदवी मिळाली. ही पदवी ज्या छापावर आहे, तो छाप त्यापूर्वीचा असू शकत नाही, मग साल काही का असेना. दलील १७२६ मध्ये वारला. त्याचे पत्रे पुढे त्याचा जावई फिलिप ब्युआश याच्या हाती आले आणि १७८० च्या सुमारास देझोश या प्रकाशकाकडे गेले. आपल्या नकाशाच्या खालच्या पट्टीवर किंवा शीर्षकाच्या चौकटीत ब्युआश किंवा देझोश हे नाव कोठे बारीक अक्षरात आले आहे का, ते भिंगाने पाहावे. आले असेल, तर १७२३ हे साल विसरावे. ॲम्स्टरडॅमच्या कोव्हेन्स आणि मॉर्टियर या प्रकाशकांचे नाव असेल, तर तो वेगळ्याच पत्र्यावरचा डच पुनर्मुद्रित नकाशा आहे. तोही अठराव्या शतकातला आणि चांगलाच असतो, पण पॅरिसच्या छापाची किंमत त्याला देऊ नये.

आता खऱ्या-खोट्याकडे येतो. सर्वांत आधी नकाशा उजेडासमोर तिरपा धरावा. कोरलेल्या भागाभोवती, कडेपासून काही अंतरावर, कागद दबून आलेली आयताकृती खूण दिसली पाहिजे. ती पत्र्याची कड होय. एवढ्यावर समाधान मानू नये, कारण पुनर्मुद्रण करणाऱ्यांना ही खूण दाबयंत्राने उठवता येते, आणि उलट कधी कधी पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीवाल्याने खरा नकाशा धुऊन, दाबून इतका सपाट केलेला असतो की खूण जवळजवळ नाहीशी होते. म्हणून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली शाई पाहावी. कोरीव रेषा टोकाला निमुळती होत जाते, तिच्या मध्यभागी शाई दाट असते आणि ती कागदावर किंचित उठलेली असते. स्वच्छ बोट हलकेच फिरवले तरी काही वेळा ते जाणवते. ऑफसेट छपाईत रेषा ठिपक्यांनी बनलेली दिसते, आणि एकदा ते ठिपके पाहिले की पुन्हा फसायला होत नाही.

त्यानंतर कागद पाहावा. त्या काळचा कागद चिंध्यांपासून हाताने बनवत. साच्याच्या तारांच्या जवळजवळ ओळी आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या, साधारण अडीच सेंटिमीटर अंतराच्या जाड ओळी उजेडात दिसतात आणि कधी जलचिन्हही दिसते. पुण्याच्या हातकागद संस्थेत साचा उचलताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या ओळी कशा उमटतात हे समजावून सांगण्याची गरज नाही. इंग्लंडमध्ये बास्करव्हिल या मुद्रकाने १७५७ मध्ये गुळगुळीत, विणलेल्या जाळीच्या कागदावर पुस्तक छापले, पण फ्रान्समध्ये तो कागद नकाशांसाठी रुळायला बराच काळ लागला. त्यामुळे १७२३ चा म्हणून दाखवलेला नकाशा बिनओळींच्या गुळगुळीत कागदावर असेल, तर शंका घ्यायला हवी. आणखी एक सोपी चाचणी म्हणजे अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा टाकणे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या बहुतेक कागदांत चकाकी आणणारी रसायने असतात आणि ती निळसर-पांढरी लखलखतात, तर जुना चिंध्यांचा कागद तसा लखलखत नाही. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेला कागद मी आयुष्यात इतक्या वेळा पाहिला आहे की एकसारखा तपकिरी रंग दिसला की मला तो आधी स्वयंपाकघराचा वाटतो. खऱ्या जुन्या कागदाचे डाग एकसारखे नसतात. तो कडांना जास्त काळवंडतो, कारण कडांना हवा आणि हात जास्त लागतात.

मध्यभागी उभी घडी असेल आणि तिच्या मागे कागदाची किंवा डिंकाची अरुंद पट्टी असेल, तर घाबरू नये. तो नकाशा एखाद्या ॲटलासमधून सुटा केलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. बाजारात मिळणारे बहुतेक सुटे नकाशे असेच फोडलेल्या ॲटलासांतून आलेले आहेत, आणि आम्ही संग्राहकांनी त्या फोडाफोडीला पैसे पुरवले हे मान्य करायला हवे. अखंड ॲटलास कोणी सुटे करून विकू पाहत असेल, तर त्या व्यवहारात मी पडत नाही. आधीच सुटे झालेले कागद घ्यायला मात्र माझी हरकत नसते.

रंगाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण फसगत इथेच सर्वांत जास्त होते. अठराव्या शतकातल्या फ्रेंच नकाशांची सवय म्हणजे सीमारेषांवरून फिरवलेली रंगाची पातळ पट्टी, आणि बाकीचा नकाशा कोरा. ज्यात प्रांतन् प्रांत भरून रंगवला आहे आणि जहाजांवर, देवदूतांवर गुलाबी-जांभळा साज चढवला आहे, तो फ्रेंच नकाशा असेल तर रंग बहुधा अलीकडचा असतो, कारण रंगीत नकाशा भिंतीवर टांगायला लवकर विकला जातो. मूळ रंग ओळखण्याची माझी पहिली खूण हिरव्या रंगाची. तो तांब्याच्या गंजापासून बनवत. शे-दोनशे वर्षांत तो कागद खातो आणि मागच्या बाजूला तपकिरी रेघ उमटते, कधी कधी तेथे कागद ठिसूळ होऊन चिरतोही. नकाशा उलटा करून हिरव्या पट्टीच्या मागे पाहावे. समोर गर्द हिरवा आणि मागे स्वच्छ पांढरा असेल, तर ब्रश अलीकडेच फिरला आहे असे धरायला हरकत नाही. माझी पहिलीच खरेदी अशी होती. एका परदेशी विक्रेत्याकडून बेलँ या अठराव्या शतकातल्या फ्रेंच नकाशाकाराचा छोटा नकाशा ‘मूळ रंगात’ म्हणून घेतला आणि घरी आल्यावर त्याच्या घडीत रंग साठलेला दिसला. घडी पडल्यानंतर रंगवल्याशिवाय रंग घडीच्या खाचेत असा साठत नाही. नकाशा खरा होता, रंग तेवढा नवा होता. तो नकाशा मी अजून ठेवला आहे, विद्यार्थ्यांना दाखवायला.

आपल्या नकाशाच्या वरच्या आणि खालच्या कडेवरचे रेखांशही एकदा वाचून पहा. १६३४ मध्ये तेराव्या लुईच्या आदेशाने फ्रान्सने कॅनरी बेटांतल्या फेरो या बेटातून शून्य रेखांश धरला, आणि पुढे तो पॅरिसच्या पश्चिमेला बरोबर वीस अंशांवर मानण्याची पद्धत रूढ झाली. ग्रिनिचच्या हिशेबात हा फेरो सतरा अंश चाळीस मिनिटे पश्चिमेला पडतो. म्हणजे आज आपण गोवा त्र्याहत्तर अंश पन्नास मिनिटांच्या आसपास म्हणतो, तर फेरोच्या हिशेबात तो साधारण साडेएक्याण्णव अंशांवर यायला हवा, आणि पाँडिचेरी साडेसत्त्याण्णव अंशांवर. आपल्या नकाशावर ही गावे किती अंशांवर आहेत ते मोजले, तर नकाशाकाराला त्या काळी काय ठाऊक होते ते थेट दिसते. मला स्वतःला नकाशातली ही चूक मोजण्याचा नाद चौकटीवरच्या नक्षीपेक्षा जास्त आहे.

हे रेखांश सुधारले कसे, हे कळल्याशिवाय फ्रेंच नकाशांचे मोल कळत नाही. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये ओराँस फिने हा गणिती होता. त्याने १५३१ मध्ये जगाला दोन हृदयांच्या आकारात बसवले. १५९४ मध्ये तूर या शहरात बुगरोने फ्रान्सचा पहिला ॲटलास काढला. पण सतराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हा धंदा ॲम्स्टरडॅमच्या डचांच्या हातात होता, आणि त्यांच्यापुढे पॅरिसला उभे केले ते आबव्हिलच्या निकोला सान्सों याने. तो १६०० मध्ये जन्मला, १६६७ मध्ये वारला, आणि त्याने राजांना भूगोल शिकवला. त्याचे नकाशे मारिएत या प्रकाशकाबरोबर निघाले. १६५० मधला उत्तर अमेरिकेचा नकाशा पाचही मोठी सरोवरे दाखवणारा पहिला छापील नकाशा म्हणून ओळखला जातो, आणि त्याच नकाशात कॅलिफोर्निया चुकीने बेट म्हणून दाखवला आहे. १६५२ मधला मोगल साम्राज्याचा नकाशा आपल्यासारख्यांच्या विशेष कामाचा आहे. तो मुख्यतः जहांगीराच्या दरबारातला इंग्रज वकील टॉमस रो याच्या वकिलातीतून निघालेल्या १६१९ च्या बॅफिनच्या इंग्रजी नकाशावर आधारलेला आहे. सान्सोंची मांडणी साधी आणि अक्षर स्वच्छ आहे. चांगल्या छापात समुद्र कोरा ठेवलेला डोळ्यांना फार सुखावतो.

त्याच्यामागून आलेला आलेक्सी-युबेर जायो मुळात मूर्तिकार. १६६४ मध्ये त्याने नकाशे रंगवणाऱ्या निकोला बेरे याच्या मुलीशी लग्न केले आणि त्या नात्यातून तो या धंद्यात आला. सान्सोंच्या मुलांशी करार करून त्याने तेच नकाशे मोठ्या आकारात पुन्हा कोरवून घेतले आणि १६८१ मध्ये नवा ॲटलास काढला. भव्य शीर्षकचौकटी ज्यांना आवडतात, त्यांनी जायो घ्यावा. पण ॲम्स्टरडॅमच्या पीटर मॉर्टियरने त्याच्या ॲटलासची नक्कल पॅरिसचा पत्ता जसाच्या तसा ठेवून छापली आहे, हे लक्षात असू द्यावे. पत्ता वाचा, पण त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, असे मी का म्हणतो ते यावरून कळेल.

खरा बदल झाला तो दुकानात नव्हे, वेधशाळेत. इटलीहून १६६९ मध्ये पॅरिसला आलेल्या कासिनी या खगोलशास्त्रज्ञाने गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांची कोष्टके तयार केली होती. एकच ग्रहण दोन ठिकाणी किती वाजता दिसले, यातल्या फरकावरून त्या दोन ठिकाणांच्या रेखांशांतले अंतर काढता येते. पिकार आणि ला हीर यांनी या रीतीने फ्रान्सचा किनारा मोजला आणि १६९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुरुस्त नकाशात सान्सों घराण्याच्या १६७९ च्या किनाऱ्यावर नवा किनारा कोरून दाखवला. ब्रिटनी स्पष्टपणे पूर्वेला सरकली होती. चौदावा लुई यावर म्हणाला म्हणे, की शत्रूंनी घेतला नाही इतका मुलूख माझ्या खगोलशास्त्रज्ञांनी घेतला. ही आख्यायिका खरी-खोटी कशीही असो, नकाशा खरा आहे.

कासिनीचा शिष्य दलील याने हेच काम साऱ्या जगावर केले. प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीने भूमध्य समुद्राची लांबी बासष्ट अंश धरली होती, दलीलच्या नकाशांत ती खऱ्याच्या अगदी जवळ, बेचाळीस अंशांच्या आसपास आली. त्याने कॅलिफोर्नियाचे बेट पुन्हा जमिनीला जोडले. १७०० मध्ये त्याने ज्याँ-बातिस्त नोलँ या प्रकाशकावर चोरीचा दावा लावला आणि सहा वर्षांनी जिंकला. त्यातली गंमत अशी, की पुराव्यातला मुख्य मुद्दा अमेरिकेच्या पश्चिमेचा एक समुद्र होता. तो दलीलने एका हाती काढलेल्या पृथ्वीगोलावर दाखवला होता पण कधी कोरून छापला नव्हता, आणि तो नोलँच्या नकाशावर दिसला. असा समुद्र मुळात पृथ्वीवर नाहीच, त्यामुळे तो दुसऱ्याला स्वतंत्रपणे ‘सापडणे’ शक्य नव्हते. आपल्या नकाशाचा कर्ता या स्वभावाचा माणूस होता.

दलीलनंतर माझ्या मते सर्वांत मोठे नाव ज्याँ-बातिस्त दांव्हिलचे. १६९७ ते १७८२ असे त्याचे दीर्घ आयुष्य पॅरिसमध्येच गेले, पण मजकूर तपासण्यात त्याचा हात कोणी धरू शकला नाही. १७४९ च्या आफ्रिकेच्या नकाशात त्याने आतला बराचसा भाग चक्क कोरा सोडला. त्यापूर्वी त्या जागी हत्ती आणि काल्पनिक सरोवरे कोरत असत. १७५२ मध्ये त्याने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठी भारताचा नकाशा केला, तेव्हा पाँडिचेरीत डुप्लेक्स गव्हर्नर होता. तीस वर्षांनी इंग्रज सर्वेक्षक रेनेलचा हिंदुस्थानचा नकाशा येईपर्यंत या नकाशाला तोड नव्हती, आणि रेनेलनेही त्याचे ऋण मान्य केले आहे. रंग जवळजवळ नसलेला, कोरडा वाटणारा हा नकाशा दुकानात बराच काळ पडून असतो. मी त्यालाच आधी हात घालतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. निकोला द फेर देखणा, पण मजकुरात बेफिकीर. रोबेर द वोगोंदी पिता-पुत्रांनी सान्सोंचा वारसा घेऊन १७५७ मध्ये एकशे आठ नकाशांचा ॲटलास काढला, त्यातली कोरीव नक्षी अतिशय सुंदर आहे. बेलँ नौदलाच्या नकाशा विभागाचा जलालेखक, म्हणजे समुद्राचे नकाशे करणारा. १७६४ च्या पाच खंडांच्या छोट्या सागरी ॲटलासात त्याचे सुमारे ५८० नकाशे आहेत, त्यामुळे कमी पैशांत खरा ताम्रकोरीव कागद हवा असेल तर बेलँपासून सुरुवात करावी. त्याच्या मोठ्या सागरी नकाशांवर नौदल विभागाचा शिक्का आणि उशिराच्या छापांवर किंमत कोरलेली सापडते, त्यावरूनही छापाचा काळ ठरवता येतो. बेलँनंतर आलेला रिगोबेर बॉन नक्षी टाळणारा, छोटा आणि स्वस्त. कासिनीच्या नातवाने सुरू केलेला फ्रान्सचा १:८६,४०० प्रमाणाचा प्रचंड नकाशा तर दीडशेहून अधिक पत्र्यांवर आहे. त्याचे पत्रे शाबूत राहिले आणि नंतरही छापले गेले, म्हणून त्यातला सुटा कागद घेताना कागदाची तपासणी दुप्पट करावी.

पहिल्या पाच वर्षांत दहाहून अधिक नकाशे घेऊ नयेत, आणि तेही एकाच प्रदेशाचे घ्यावेत. आपला विषय पश्चिम किनारा असेल, तर सान्सों, दलील, दांव्हिल आणि बेलँ यांचे चारच कागद शेजारी ठेवल्यावर कोकणाचा किनारा शंभर वर्षांत कसा सरळ होत गेला ते दिसेल. प्रत्येक खरेदीपूर्वी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर तोच नकाशा मोठ्या आकारात उघडावा आणि अक्षर, रेषा, पत्ता शब्दशः जुळवावा. मोजमापात काही मिलिमीटरचा फरक आला तर तो दोष समजू नये, कारण ओला करून छापलेला कागद वाळताना कमी-जास्त आकसतो.

शेवटचा प्रश्न रत्नागिरीचा. समुद्रावरून येणाऱ्या ओलाव्यात कागदाचे दोन शत्रू असतात, बुरशी आणि कसर. नकाशा बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. आतल्या भिंतीवरही चौकट भिंतीपासून बोटभर पुढे राहील असे लाकडी तुकडे मागे लावावेत म्हणजे हवा खेळती राहते. चौकटीतला पुठ्ठा आम्लरहित असावा आणि नकाशा काचेला टेकू नये. कागद फक्त वरच्या कडेला जपानी पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने अडकवावा. चिकटपट्टी, डिंक आणि लॅमिनेशन या तीन गोष्टींनी मी जितके नकाशे मेलेले पाहिले आहेत, तितके वाळवीनेही मारलेले पाहिले नाहीत. उन्हाची तिरीप पडणारी जागा टाळावी. जून ते सप्टेंबर नकाशा चौकटीतून काढून आम्लरहित पाकिटात, सपाट, कोरड्या कपाटात ठेवला तर अधिक चांगले. पांढरी बुरशी दिसली तर ती कोरड्या, मऊ ब्रशने घराबाहेर झटकावी, ओल्या फडक्याने मुळीच पुसू नये, आणि तपकिरी ठिपके घालवण्याच्या मोहात घरी काहीही लावू नये.

एक कायदेशीर गोष्टही सांगून ठेवतो. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. नकाशा पुन्हा पॅरिसला पाठवायचा झाला तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करावी. त्यासाठी चुलतभावाकडे खरेदीची पावती असल्यास ती आजच मागवून घ्या. शीर्षकाची चौकट, खालची पट्टी, मागची बाजू आणि उजेडासमोर धरलेला कागद अशी चार स्पष्ट छायाचित्रे पाठवलीत, तर आपला कागद कोणत्या दशकातला आहे ते मी बऱ्यापैकी नेमके सांगू शकेन.